तापांतला खेळ

परवां आमचा नातू अंगांत ताप असतां कबड्डीच्या सामन्यास निघाला. अडवितांच म्हणाला, "आजोबा, पेटकर थांबले का?"

पेठ इस्लामपूरचे श्री. मुरलीकांत पेटकर हे सेनादलांतील मुष्टियोद्धे. १९६५ च्या युद्धांत गोळ्या लागून ते कमरेखालीं अधू झाले. पुढें उपचार म्हणून पोहूं लागले, आणि १९७२ सालीं हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकांत ५० मीटर अंतर ३७.३३ सेकंदांत तोडून त्यांनीं भारतास पहिलें वैयक्तिक पॅरालिंपिक सुवर्णपदक मिळवून दिलें. (पद्मश्रीस मात्र २०१८ साल उजाडावें लागलें!) त्यांचें पोहणें हेंच औषध होतें.

आम्ही मात्र अलोऱ्यास हिंवतापांत हुतूतू खेळलों, पहिल्याच चढाईंत दम तुटून बाद झालों व पंधरा दिवस अंथरुणास खिळलों. हें नातवास सांगितलें.

"सामना कोणी जिंकला?" एवढेंच त्यानें विचारलें.