पडणे ओळखणारे घड्याळ कोणाकडून शिकले?

मुले परगावी किंवा परदेशी आणि घरात आजी-आजोबा दोघेच. अशा घरांत आता पडणे ओळखणारे घड्याळ किंवा कमरेचा पट्टा येऊ लागला आहे. त्यातील सेन्सर हालचालीचा झटका मोजतो. तो पडण्याच्या नमुन्याशी जुळला, की मुलांच्या फोनवर इशारा जातो. पण हा नमुना येतो कुठून?

बहुतेकदा प्रयोगशाळेतून. वृद्धांना मुद्दाम पाडून पाहता येत नाही. मग निरोगी तरुण गादीवर पडून दाखवतात आणि त्या नोंदींवर यंत्र शिकते. कोलंबियातील संशोधकांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'सिसफॉल' या नोंदसंचात २३ तरुण आणि १५ ज्येष्ठ होते. ज्येष्ठांपैकी पडून दाखवले ते फक्त एकाने, आणि तोही ६० वर्षांचा मुरलेला ज्युदोपटू! ज्युदोत सुरक्षित पडण्याचेच शिक्षण आधी मिळते.

खरे पडणे निराळे असते. कॅनडात स्टीफन रॉबिनोविच आणि सहकाऱ्यांनी वृद्धांच्या दोन निवासी केंद्रांत कॅमेऱ्यांनी टिपलेल्या पडण्याच्या २२७ घटना तपासल्या. हा अभ्यास २०१३ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. ४१ टक्के घटनांत कारण होते शरीराचा तोल चुकीच्या बाजूला झुकणे. घसरून पडण्याचे प्रमाण अवघे ३ टक्के निघाले. अर्थात कॅमेरे सामाईक जागेत होते, न्हाणीघरात नव्हते. खुर्चीचा हात धरत, भिंतीला टेकत कोणी खाली आले, तर सेन्सरला अपेक्षित झटका बसेलच असे नाही.

युरोपीय संशोधकांनी २०१२ मध्ये अशा १३ पद्धती खऱ्या २९ घटनांवर लावून पाहिल्या. सरासरी ५७ टक्के घटनाच ओळखल्या गेल्या. उलट, तीन रुग्णांच्या दिवसभराच्या नोंदींत पद्धतीनुसार ३ ते ८५ खोटे इशारे निघाले. एवढी ओरड झाल्यावर घड्याळ कपाटात जाते, त्यात नवल नाही.

'फारसीइंग' या युरोपीय प्रकल्पाने म्हणूनच वृद्धांच्या खऱ्या पडण्याच्या नोंदी जमवल्या. हे काम वेळखाऊ आहे, कारण एका नोंदीसाठी कित्येक दिवस सेन्सर अंगावर बाळगावा लागतो.

खरेदी करताना दुकानदाराला एवढे जरूर विचारावे: चाचणी कोणावर झाली, किती वयाच्या? आणि घड्याळ चार्जिंगला लावलेले असताना फोनवर 'सर्व ठीक' दिसते, की 'नोंद नाही'?