पाट्यांतून बोलणारा रस्ता

वेताळ आणि मॅन्ड्रेक वाचून वाढलेल्यांना 'डूम पट्रोल' ही कॉमिक्स मालिका पहिल्या फटक्यात पचत नाही. ग्रँट मॉरिसनने 1989 मध्ये 19व्या अंकापासून ही मालिका हाती घेतली आणि सुपरहिरोंचा साचाच मोडला. खलनायकांची टोळी 'ब्रदरहुड ऑफ दादा'. यातला दादा म्हणजे झुरिकमध्ये 1916 साली सुरू झालेली कलाचळवळ. ही टोळी अख्खं पॅरिस एका चित्रात ओढून घेते! कुणी याला अगम्य म्हणतं, कुणी डोक्यावर घेतं. काही पानं मलाही दोनदा वाचावी लागली. पण डॅनी? तो चक्क जिवंत रस्ता. दुकानांच्या पाट्यांतून बोलतो, एका शहरातून उठून दुसऱ्यात जाऊन बसतो. तेव्हापासून जुन्या जालन्यात गांधी चमनजवळून जाताना मी प्रत्येक पाटी वाचतो. सुरुवात 19व्या अंकापासूनच करा, मधून नको.