सुकाणूच्या सिलिंडरची गळती

वडगावात माग चालतात, होड्या नाहीत. तेव्हा येथल्या माणसाने सुकाणूविषयी लिहावे याचे वाचकांना नवल वाटेल. पण जवळच उद्यमबाग आहे. ओतकाम, लेथकाम, हायड्रॉलिकचे सुटे भाग हा तेथला रोजचा व्यवहार. तेथल्या एका लहान वर्कशॉपमध्ये मी सुट्टीत हाताखाली काम करीत असताना, जुलै महिन्यात, वेंगुर्ल्याच्या एका ट्रॉलरचा सिलिंडर घाट चढून दुरुस्तीस आला. जून-जुलैत मासेमारी बंद असते आणि बोटींची डागडुजी याच दिवसांत उरकतात.

प्रथम रचना सांगतो. सुकाणूच्या चक्रामागे एक लहान पंप असतो. चक्र फिरविले की तेल नळीतून सिलिंडरच्या एका बाजूस जाते, दट्ट्या सरकतो आणि पलीकडचे तेल दुसऱ्या नळीने परत येते. दट्ट्याचा दांडा सुकाणूच्या आडव्या हाताला जोडलेला असतो. तत्त्व पास्कलचे, आपण शाळेत पाठ केलेले. ५० मि.मी. व्यासाच्या सिलिंडरात २५ मि.मी.चा दांडा असेल, तर दांड्याच्या बाजूने तेलाला सुमारे १४.७ चौ. सें.मी. जागा मिळते. दाब दर चौ. सें.मी.ला ३० किलो धरला तर जोर होतो सुमारे ४४० किलो. एवढा जोर तांडेल दोन हातांनी सहज लावतो.

गळती बहुधा होते ती दांडा सिलिंडरातून बाहेर पडतो त्या तोंडाशी. हे दुखणे जुने आहे. इंग्लंडात जोसेफ ब्रामाने १७९५ साली हायड्रॉलिक प्रेसचे पेटंट घेतले, तेव्हा त्यालाही दांड्याभोवतीच्या गळतीनेच छळले होते. त्याच्या कारखान्यातील हेन्री मॉडस्ले याने चामड्याची वाटीसारखी कडी बसवून तोड काढली, असे सांगतात. यातली खुबी सायकलच्या पंपात रोज दिसते. दांडा दाबला की हवा चामड्याच्या वाटीत शिरते, तिची कड फाकवते आणि नळीला चिकटवते. आजच्या रबरी सीलचा ओठ असाच तेलाच्या बाजूस तोंड करून बसतो. तेल जितके जोर करील तितका ओठ दांड्याला घट्ट बिलगतो. म्हणून नट आवळून गळती थांबविण्याचा खटाटोप येथे फारसा उपयोगी पडत नाही. ओठाला टेकायला गुळगुळीत दांडा हवा, हे खरे.

आम्ही नेमके तेच पाहिले नाही. जुने सील काढले, नवे बसविले, टेबलावर दाब देऊन पाहिले. थेंबही आला नाही. सिलिंडर रवाना झाला.

ऑगस्टच्या मध्यास तांडेल स्वतः आले. "मिस्त्रीनू, सील नवो घातलात, मगे त्याल गळता कित्याक?" एवढेच म्हणाले. भर समुद्रात चक्र नुसतेच गरगर फिरू लागले होते. तीन सेकंदांना एक थेंब म्हणजे किरकोळ वाटते. पण तासाला १२०० थेंब होतात. २० थेंबांचा एक मिलिलिटर धरला तर ६० मि.लि. झाले, आणि दहा तासांत सहाशे. टाकी रिकामी होताच पंप हवा ओढू लागतो. हवा दाबली जाते, तेल दाबले जात नाही. मग चक्र फिरते आणि सुकाणू जागचे हलत नाही. सुदैवाने सुकाणूच्या माथ्यावर बसणारा लोखंडी दांडा बोटीवर होता. दोघांनी तो धरून, लाटा अंगावर घेत, बोट बंदरात आणली. वाटेत कुणीतरी टाकीत गाडीचे ब्रेक ऑइल ओतले होते, त्याने नायट्राइल रबराचे नवे सील फुगून मऊ पडले. ती चूक त्यांची, पण मूळ चूक आमची.

मिस्त्रींनी दांडा पुसून त्यावर नख फिरविले. नख अडकले. टाचणीच्या डोक्याएवढे खड्डे होते. क्रोमच्या मुलाम्याला केसासारख्या बारीक चिरा असतात. खारे पाणी त्यातून आत जाते, खालचे लोखंड गंजते आणि वरचा मुलामा पापुद्र्यासारखा सुटतो. त्या खड्ड्यांच्या कडा प्रत्येक फेरीला सीलचा ओठ खरवडीत होत्या. मग मुलामा काढून दांडा ग्राइंड केला, पुन्हा हार्ड क्रोम चढवून पॉलिश केले. सील आणि बाहेरची, मीठ पुसणारी वायपर कडी नवी घातली. नळ्या धुऊन ब्रेक ऑइलचा अंश काढला, कारण तो राहिला असता तर हेही सील गेले असते. बोटीवर तेल भरताना चक्र सावकाश दोन्ही टोकांना फिरवून, सिलिंडरच्या निपलातून बुडबुडे थांबेपर्यंत हवा काढायची, हेही तांडेलांना करून दाखविले.

बाहेर थेंब नसेल आणि तरी सुकाणू हळूहळू सरकत असेल, तर शंका दट्ट्यावरच्या सीलची किंवा पंपाजवळच्या झडपेची घ्यावी. ती गळती आतल्या आत होते, फडक्याला लागत नाही.

पुढच्या जूनमध्ये तोच सिलिंडर तपासणीस आला. सीलचा ओठ जरा झिजला होता, दांडा स्वच्छ होता. सील बदलले. गोणपाटात गुंडाळण्यापूर्वी मिस्त्रींनी मला बोलावले आणि दांड्यावर माझे नख फिरवायला लावले.