वळणावर तेल कोठे जाते?

गुंदहून जोयड्याकडे निघालेल्या बसमध्ये दुधाची अर्धी बरणी मांडीवर घेऊन बसलेल्या माणसास वळण आले की बरणी तिरपी धरावी, हे कोणी शिकवावे लागत नाही. त्याच वळणावर मोटारसायकलवाला वाहनासह आत झुकतो. आज सांगावयाचे आहे ते या झुकण्याविषयीच.

माझा एक जुना विद्यार्थी अभियांत्रिकी महाविद्यालयात गेला. कोइंबतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर ‘फॉर्म्युला भारत’ ही स्पर्धा भरते; विद्यार्थ्यांनी स्वतः बांधलेल्या लहान शर्यती मोटारी तीत उतरतात. ७१० घनसेंटिमीटरपर्यंतच्या इंजिनाची मुभा असल्याने चाकणला बनणाऱ्या केटीएमसारख्या मोटारसायकलचे इंजिन पुष्कळदा पसंत केले जाते. याच्या संघानेही तेच केले. सरावात वळणावर तेलाच्या दाबाचा दिवा लुकलुकला. तार ढिली असेल, असे म्हणून मुलांनी तिकडे दुर्लक्ष केले. संध्याकाळी इंजिनातून ठोके येऊ लागले. उघडून पाहिले तो कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग खरवडून गेलेले. वर्गणीतून घेतलेले इंजिन एका दिवसात गेले. “सर, तेल तर पुरेपूर होते,” तो म्हणाला.

तेल होते, पण जागेवर नव्हते. इंजिनाच्या तळाशी तेलाचे चेंबर असते. त्यात बुडालेल्या शोषनळीतून पंप तेल ओढतो व बेअरिंगांपर्यंत दाबाने पोहोचवितो. मोटारसायकल झुकते तेव्हा गुरुत्वाकर्षण आणि केंद्रोत्सारी प्रेरणा यांची मिळून होणारी दिशा इंजिनाच्या उभ्या रेषेतच राहते. तेलाला वळण आल्याचे कळतही नाही. कळशी गरगर फिरविली तरी पाणी सांडत नाही, त्यातलाच हा प्रकार. चारचाकी मात्र झुकत नाही.

आम्ही हिशेब मांडला. स्पर्धेत आठाच्या आकड्यासारखा एक मार्ग असतो. आतल्या वर्तुळाचा व्यास १५.२५ मीटर आणि मार्गाची रुंदी ३ मीटर, म्हणजे मधून जाणाऱ्या गाडीची त्रिज्या नऊ मीटरांहून किंचित अधिक. एक फेरी ६ सेकंदांत झाली, तर बाजूचा जोर जवळजवळ गुरुत्वाकर्षणाइतका होतो व तेलाचा पृष्ठभाग ४५ अंशांनी कलतो. ५ सेकंदांत झाली, तर सुमारे ५५ अंशांनी! सारे तेल एका भिंतीशी चढते, शोषनळीचे तोंड उघडे पडते आणि पंप हवा ओढू लागतो. मिनिटाला ९,००० फेऱ्या घेणारे इंजिन एका सेकंदात १५० वेळा फिरते. तो एक सेकंद बेअरिंगास फार मोठा आहे.

पहिला उपाय सर्वांस सुचतो तो जास्त तेल ओतण्याचा. थोडेसे चालते, अधिक झाले तर क्रँकशाफ्ट ते घुसळून फेस करते, आणि फेस म्हणजे पुन्हा हवाच. गाडी बुटकी करण्यासाठी चेंबर कापून उथळ करणारेही आहेत. त्यांनी तर दुखणे विकतच घेतले म्हणावयाचे.

खरा उपाय चेंबरच्या आतच करावा लागतो. शोषनळीभोवती पत्र्याच्या आडभिंती, म्हणजे बॅफल, उभारावयाचे. त्यांना आतल्या बाजूसच उघडणारी झडपे ठेवावयाची. तेल आत येते, परत जाऊ शकत नाही. ओहोळातल्या मासे धरण्याच्या मळईची आठवण व्हावी! वर एक आडवा पत्रा बसविला की तेल भिंतीवर चढतही नाही. आणखी खात्री हवी, तर दाबाखाली तेल साठविणारी टाकी जोडतात. दाब घसरला की ती काही क्षण तेल पुरविते. मात्र वळण लांबले तर तीही रिकामी होते. सर्वांत भरवशाची व्यवस्था ड्राय संपची. तीत वेगळे पंप तळाचे तेल उपसून उंच, अरुंद टाकीत नेतात. इंग्लंडातील रॅडिकलच्या काही शर्यती गाड्यांत मोटारसायकलच्या घराण्यातलीच इंजिने असून त्यांना हीच व्यवस्था असते. पण ती महाग आणि जडही.

मुलांनी दुसऱ्या इंजिनात बॅफल व झडपे बसविली. दाबाचा दिवाही मोठा केला आणि चालकाच्या अगदी डोळ्यांसमोर आणला. तो लुकलुकताच पाय उचलून इंजिन बंद करावयाचे, असे ठरविले.