रक्ताचा वारसा आणि आपली जबाबदारी

आई-वडिलांकडून अपत्याला काय मिळते, या प्रश्नाचे खोटे उत्तर आपल्या समाजाने शतकानुशतके सोसले आहे. जन्मावरून माणसाची पात्रता ठरते, एकाचे रक्त शुद्ध आणि दुसऱ्याचे अशुद्ध असते, असे ते उत्तर होते. परमपूज्य बाबासाहेबांनी १९३६ साली ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये जातीला वंशशास्त्राचा वा सुप्रजननशास्त्राचा काहीही आधार नाही हे दाखवून दिले. पुढे १९४८ साली ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात शरीरमापनाच्या पुराव्याने ब्राह्मण आणि अस्पृश्य यांचा वंश वेगळा नाही, हे सिद्ध केले. त्यामुळे ‘आनुवंशिक’ हा शब्द कानी पडताच आपण सावध होतो, आणि ते योग्यच आहे. परंतु या सावधपणापायी खऱ्या आनुवंशशास्त्राकडे पाठ फिरवणे आपल्याला परवडणारे नाही. याचे कारण सिकलसेल हा आजार होय.

आपल्या रक्तातील तांबड्या पेशी गोल आणि लवचीक असतात. त्यांतील हिमोग्लोबिन हे द्रव्य शरीरभर प्राणवायू पोहोचवते. हिमोग्लोबिनच्या एका साखळीत १४६ दुवे असतात. त्यांपैकी सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन आले, की प्राणवायू कमी होताच पेशी विळ्यासारखी वाकडी व ताठर होते. एका दुव्याचा हा फरक व्हर्नन इन्ग्रॅम यांनी १९५६ साली शोधून काढला. निरोगी पेशी सुमारे १२० दिवस जगते; विळ्याच्या आकाराची पेशी १० ते २० दिवसांतच नष्ट होते. म्हणून अंगात रक्त टिकत नाही, डोळे पिवळे दिसतात. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकल्या की हातपाय, पाठ, छाती यांत असह्य वेदना उठतात.

हा आजार १९१० साली शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी प्रथम नोंदवला. भारतात तो १९५२ साली निलगिरीतील आदिवासींमध्ये आणि आसामच्या चहामळ्यांतील मजुरांत आढळला. १९५८ साली शुक्ला आणि सोळंकी यांनी ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मध्य भारतातील सिकलसेलची नोंद प्रसिद्ध केली. म्हणजे धम्मदीक्षेनंतर दोनच वर्षांनी या आजाराची आपल्या भागातील वार्ता जगापुढे आली होती. ती आपल्या घरांपर्यंत पोहोचायला मात्र फार काळ लागला.

ती पोहोचवणाऱ्यांत पुण्याचे डॉ. सुदाम काटे यांचे नाव आदराने घ्यावे लागते. पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात संशोधन करताना त्यांनी महाराष्ट्रातील आदिवासी पाड्यांवर जाऊन रक्ततपासणी केली. पुढे हडपसरच्या महाराष्ट्र आरोग्य मंडळाच्या माध्यमातून नंदुरबारच्या दुर्गम भागात उपचारही पोहोचवले. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या आढाव्यानुसार राज्यातील निरनिराळ्या जमातींत वाहकांचे प्रमाण शून्यापासून ३५ टक्क्यांपर्यंत आहे. भिल्ल, पावरा, माडिया, परधान या जमातींत ते विशेष आहे. २०१९ साली त्यांना पद्मश्री मिळाली. विदर्भात हा आजार आदिवासींप्रमाणेच बौद्ध समाजात आणि काही इतर मागासवर्गीय समाजांतही आढळतो.

मग हा ‘आपल्या जातीचा रोग’ आहे काय? मुळीच नाही. १९५४ साली अँथनी अ‍ॅलिसन यांनी पूर्व आफ्रिकेतील अभ्यासातून दाखवले, की सिकलसेलचे एकच जनुक असलेल्या मुलांना जीवघेण्या मलेरियापासून काहीसे संरक्षण मिळते. जेथे मलेरियाचे थैमान होते तेथे ही मुले अधिक जगली आणि ते जनुक टिकले. म्हणूनच ते आफ्रिकेत आहे, अरबस्तानात आहे, ग्रीसमध्येही आहे. जंगलपट्टीत आणि डासांच्या प्रदेशात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या पूर्वजांच्या जगण्याच्या झुंजीची ती खूण आहे. त्यात कलंक नाही. मात्र जातीने आणि पोटजातीने लग्नाचे वर्तुळ बंद केले, त्यामुळे तेच जनुक दोन्ही बाजूंनी एकत्र येण्याची शक्यता वाढली. मामाच्या मुलीशी लग्न करण्याच्या रूढीने ती आणखी वाढते.

याचे गणित प्रत्येक पालकाने समजून घ्यावे. हे जनुक एकाच पालकाकडून आले तर मूल ‘वाहक’ होते. वाहक हा रुग्ण नव्हे. तो शिकतो, खेळतो, नोकरी करतो, सर्वसाधारण आयुष्य जगतो. दोन्ही पालकांकडून आले तरच मूल ‘रुग्ण’ होते. पती-पत्नी दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भधारणेत मूल रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के आणि पूर्ण निरोगी असण्याची २५ टक्के असते. पहिले मूल रुग्ण झाले म्हणून पुढची तिन्ही सुटली, असे होत नाही. प्रत्येक वेळी हिशेब नव्याने सुरू होतो. एकच जोडीदार वाहक असेल तर सिकलसेलचे एकही मूल रुग्ण होत नाही. आजार मुलात उतरतो तो दोघांकडून. तरीही आजवर बोल लावला जातो तो आईलाच, हा अन्याय आहे.

‘मागच्या जन्मीचे पाप’ असेही म्हटले जाते. भगवान बुद्धांनी मोळियसीवकाला सांगितले, की सर्व दुःखे पूर्वकर्मातून येतात हे मत चुकीचे आहे. पित्त, कफ, वात, ऋतुबदल अशी त्यांची अनेक कारणे असतात. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धान्त तपासताना हेच विज्ञान पुढे ठेवले आहे: मूल आपले गुणधर्म आई-वडिलांकडून घेते, स्वतःच्या मागील जन्माकडून नव्हे. कारण कळले की उपाय शोधता येतो, ही धम्माची शिकवण आहे.

उपाय रक्ततपासणीपासून सुरू होतो. सोल्युबिलिटी चाचणीतून सिकल हिमोग्लोबिन आहे की नाही एवढेच कळते. वाहक की रुग्ण हे ठरवण्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणी करावी लागते. मंगल परिणयाची बोलणी सुरू होण्यापूर्वीच मुला-मुलींना आपला अहवाल ठाऊक असावा. आपण कुंडली नाकारली. तिच्या जागी ही तपासणी आली तर ते विज्ञाननिष्ठेचे पाऊल ठरेल. मात्र अहवालाची नवी कुंडली होऊ नये. वाहक मुलीचे वा मुलाचे लग्न मोडणे हा अधर्म आहे. निरोगी जोडीदाराशी त्यांचा विवाह निर्धोक आहे. दोघेही वाहक असून एकत्र राहू इच्छित असतील, तर गर्भधारणेच्या सुरुवातीच्या महिन्यांत नोंदणीकृत केंद्रात तपासणीची कायदेशीर सोय आहे. निर्णय त्या दोघांचा असावा.

निवासी शाळेचे शिक्षक म्हणून आम्हांला आणखी एक सांगावेसे वाटते. मुळशीचा पावसाळा थंड आणि दीर्घ असतो. रुग्ण विद्यार्थ्याला गारठा, पाण्याची कमतरता, अतिश्रम आणि संसर्ग यांमुळे वेदनांचा झटका येऊ शकतो. अशा मुलाला ओल्या कपड्यांत ठेवू नये, वर्गातही पाणी पिऊ द्यावे, आणि ताप आल्यास सकाळची वाट न पाहता रुग्णालयात न्यावे. वेदनेने रडणाऱ्या मुलाला कामचुकार म्हणू नये. प्रवेशाच्या वेळी पालकांनी आजार लपवू नये आणि शाळेनेही त्याची वाच्यता करू नये. हायड्रॉक्सियुरियासारख्या औषधाने, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, झटके कमी होतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात या आजाराचा समावेश आहे. १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय अभियानात ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन हे उद्दिष्ट ठेवले आहे.

सरकारी अभियान दारापर्यंत येईल. दार आपणच उघडायचे आहे. माजी विद्यार्थ्यांनी आपल्या गावी, विहारात, वर्षावासाच्या प्रवचनमालेत एक दिवस या विषयासाठी आणि तपासणी शिबिरासाठी राखून ठेवावा, आणि पहिला हात स्वतःचा पुढे करावा.