जुन्या गाडीला नवी बॅटरी घेताना

कष्टाच्या पैशातून दारात गाडी उभी राहिली, मग ती जुनी का असेना, घरादाराला आनंद होतो. हिंगोली, वसमत, कळमनुरी, कुठल्याही वस्तीत एखादी तरी जुनी मारुती ८०० किंवा ओम्नी दिसते. मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आली, तिचे उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबले. ओम्नी २०१९ मध्ये बंद झाली. अशा गाड्यांना बॅटरी बदलावीच लागते आणि तिथेच आपली फसगत होते.

आमचेच उदाहरण सांगतो. आम्ही व थोरल्या बंधूंनी मिळून घेतलेली ८०० एका उन्हाळ्यात सेल्फ घेईना. दुकानदार म्हणाला, "साहेब, मोठी बॅटरी टाका, बिनघोर राहा." आम्ही पोटाला चिमटा घेऊन टाकली. महिना झाला नाही तोच मध्यरात्री वहिनींना कळा सुरू झाल्या आणि गाडी ठप्प! गल्लीतल्या पोरांनी धक्का मारला म्हणून दवाखाना गाठता आला. दुसऱ्या दिवशी वायरमनने पाहिले, तर अल्टरनेटरचा पट्टा सैल. जुनी बॅटरी भरत नव्हती, तशी नवीही भरत नव्हती. दोष पट्ट्याचा आणि दंड आमच्या खिशाला!

म्हणून बंधू-भगिनींनो, दुकानात जाण्याआधी तपासणी करा. गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी मीटर लावा. १२.६ व्होल्टच्या आसपास असेल तर बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे रिकामी. मग इंजिन सुरू करून पाहा. साधारण १३.८ ते १४.४ आले पाहिजेत. कमी आले तर पट्टा व अल्टरनेटर आधी दुरुस्त करा. टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी साचली असेल तर खाण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्याने पुसा, मात्र ते पाणी बॅटरीत जाऊ देऊ नका. काढताना वजा (-) तार आधी सोडायची आणि जोडताना ती शेवटी जोडायची.

इतके करूनही बॅटरी खराबच निघाली, तर नवी घेताना गाडीचे पुस्तक किंवा जुन्या बॅटरीवरचा आकडा पाहा. पेट्रोलच्या ८०० ला साधारण ३५ एएचची बॅटरी पुरते. डिझेल गाडीला सेल्फसाठी जास्त जोर लागतो, म्हणून मोठी लागते. खोक्याची लांबी-रुंदी आणि अधिक-वजा टर्मिनलची बाजू जुळली पाहिजे. बॅटरी पट्टीत घट्ट बसली नाही तर खड्ड्यांच्या हादऱ्याने आतील प्लेटा निकामी होतात. सिग्नलवर आपोआप बंद-चालू होणाऱ्या नव्या गाड्यांची महागडी एजीएम बॅटरी आपल्या जुन्या गाडीला नको.

बॅटरीवरची उत्पादनाची तारीख दुकानदाराकडून वाचून घ्या. सहा महिन्यांहून जुना माल नाकारा. "किती महिने फुकट बदलून मिळेल आणि पुढे किती महिने फक्त सवलत?" हे स्पष्ट विचारा. पक्की पावती व शिक्का मारलेले वॉरंटी कार्ड घेऊन हिशेबाच्या वहीत ठेवा. थोडे पैसे वाचवण्यासाठी पावती सोडू नका.

आपल्या मराठवाड्याच्या उन्हात बॅटरीचे आयुष्य घटते. पाणी टाकायची बॅटरी असेल तर उन्हाळ्यात दर महिन्याला पातळी पाहा व फक्त डिस्टिल वॉटर टाका, बोअरचे क्षाराचे पाणी नको. बॅटरीतून पेट घेणारा वायू निघतो, तेव्हा जवळ विडी-काडी नको.

जुनी बॅटरी घरी फोडू नका. तिच्यातील शिसे लेकरांच्या मेंदूला घातक आहे, आम्ल हात जाळते. नवी घेताना ती दुकानात जमा करून तिचे पैसे बिलातून वजा करून घ्या. तो आपला हक्काचा पैसा आहे.