हिरड्यांतून रक्त का येतं? बायोफिल्म आणि इम्युनिटीची न संपणारी लढाई

ब्रश करताना थुंकीत रक्त दिसलं की बरेच जण दोनपैकी एक गोष्ट करतात. पेस्ट बदलतात, नाहीतर त्या जागी ब्रश फिरवणंच बंद करतात. दोन्हींनी प्रश्न सुटत नाही, कारण तिथे बायोफिल्म ठाण मांडून बसलेली असते. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, डॉक्टर नाही. पण ही सिस्टिम कुठे अडकते, हे प्रत्येकाला माहीत असायला हवं.

बायोफिल्म म्हणजे काय?

मी कोल्हापूरचा, म्हणून उदाहरण साखर कारखान्याचं देतो. तोडलेला ऊस गव्हाणीत पडायला उशीर झाला की त्यात ल्युकोनोस्टॉक नावाचे बॅक्टेरिया वाढतात. ते साखरेपासून डेक्स्ट्रान हा चिकट पदार्थ बनवतात. रस बुळबुळीत होतो, गाळायला जड जातो आणि साखरेचे दाणेही नीट पडत नाहीत.

आपल्या तोंडातही जवळपास हीच केमिस्ट्री चालते. स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्ससारखे बॅक्टेरिया साखरेपासून असाच चिकट पदार्थ बनवतात आणि दाताला धरून बसतात. मग त्या थरात इतर जातीही मुक्कामाला येतात. सकाळी उठल्यावर दातांवरून जीभ फिरवली की जो बुळबुळीतपणा जाणवतो, तो हाच थर. याला प्लाक म्हणतात.

मग इम्युन सिस्टिम काय करते?

ती झोपलेली नसते. हिरडीच्या कडेला प्लाक साचला की रक्तातल्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी तिथे धावतात. सुटा बॅक्टेरिया सापडला तर त्या गिळून टाकतात. पण अख्खा थर गिळता येत नाही. मग त्या आपली एन्झाइम्स आणि जहाल रसायनं बाहेरच ओततात. थराचं फारसं बिघडत नाही, शेजारची हिरडी मात्र पोळते. ती सुजते, लाल होते आणि जरा धक्का लागला की रक्त येतं.

कोडच्या भाषेत हा रिट्राय लूप आहे. रिक्वेस्ट फेल झाली, पुन्हा पाठवली, पुन्हा फेल. लोड वाढतो तो आपल्याच सर्व्हरवर.

हे वर्षानुवर्षं चाललं तर काही जणांत पुढची पायरी येते. इम्युन पेशींच्या सिग्नलमुळे हाड झिजवणाऱ्या ऑस्टिओक्लास्ट पेशी कामाला लागतात. दाताभोवतीचं हाड कमी होतं आणि दात हलू लागतो. या आजाराचं नाव पेरिओडॉन्टायटिस. यातलं बरंचसं नुकसान आपल्याच लढाईमुळे होतं आणि गेलेलं हाड आपोआप परत येत नाही. मधुमेह असेल तर धोका आणखी वाढतो.

गोळी घेऊन भागेल का?

नुसत्या गोळीने नाही. थरात राहणारे बॅक्टेरिया सुट्या बॅक्टेरियांपेक्षा 100 ते 1000 पट जास्त अँटिबायोटिक सहन करू शकतात. काही तर निपचित पडून राहतात आणि औषध ओसरलं की पुन्हा वाढतात. त्यामुळे मेडिकलमधून मनानेच अँटिबायोटिक आणण्यात अर्थ नाही.

खरा उपाय म्हणजे थर मोडणं. 1965 साली हॅराल्ड लोए आणि सहकाऱ्यांनी डेन्मार्कमधला एक प्रयोग प्रसिद्ध केला. निरोगी हिरड्यांच्या 12 जणांनी दात घासणं थांबवलं. 10 ते 21 दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. स्वच्छता पुन्हा सुरू केल्यावर त्या बऱ्याही झाल्या.

आता काय करायचं?

- रक्त येतं ती जागा टाळू नका. मऊ ब्रशने, हलक्या हाताने, दिवसातून दोनदा साफ करा. दोन दातांच्या फटीही साफ करा.
- प्लाक कडक होऊन टार्टर झाला असेल तर तो ब्रशने निघत नाही. डेंटिस्टकडून स्केलिंग करून घ्या. स्केलिंगने दात सैल होतात हा गैरसमज आहे. आधीच सैल झालेला दात टार्टर निघाल्यावर जाणवतो, एवढंच.
- विडी-सिगारेट ओढणाऱ्यांच्या हिरड्यांतून रक्त कमी येतं, त्यामुळे आजार लपतो. रक्त नाही म्हणजे सगळं ठीक, असं त्यांनी समजू नये.

आज आरशासमोर उभं राहून मोबाइलचा टॉर्च लावा आणि हिरडीची कडा बघा. लाल, सुजलेली दिसली किंवा दात हलत असेल, तर दुखायची वाट बघू नका. हा आजार बहुतेक वेळा न दुखताच वाढतो.